उमेदवाराच्या बायकोचं हळदीकुंकू

माझ्या नवऱ्याला सभांची आवड आहे. हे मी त्याच्या तोंडावर म्हणते, तेव्हा इथे लिहायलाही हरकत नाही. सोसायटीच्या सभेची नोटीस लागली की पुण्यात शहाणी माणसं त्या रविवारी गावाला जायचं ठरवतात. हा गावाला गेलेला असला तर परत यायचा. पहिल्या रांगेत बसायचा, पाण्याच्या टाकीपासून पार्किंगपर्यंत सगळ्या विषयांवर बोलायचा आणि घरी येऊन मला अख्खी सभा पुन्हा ऐकवायचा. कॉम्प्युटर इंजिनियर हे त्याचं पोटापाण्याचं काम. जीव मात्र ठरावांत अडकलेला. अशा माणसाचं पुढे काय होणार, हे लग्नाच्या पहिल्याच वर्षी माझ्या लक्षात यायला हवं होतं.

दोन हजार सालाच्या आगेमागे जपानी कंपन्यांना आपल्याकडचे इंजिनियर अचानक हवेहवेसे झाले. त्या लाटेत आम्हीही, लहान मुलीला घेऊन, टोकियोला येऊन पडलो. तीन वर्षांसाठी. सासूबाईंना, माझ्या आईला, बँकेत लॉकर उघडून देणाऱ्या बाईंना, सगळ्यांना तीनच वर्षं सांगून आलो होतो. कोतो भागातल्या एका जुन्या वसाहतीत घर मिळालं. पाच मजली इमारती, लिफ्ट नाही, एका जिन्यावर दहा बिऱ्हाडं, आणि आम्ही सगळ्यात वर. नवरा सकाळी जायचा तो मुलगी झोपल्यावर उगवायचा. मी दिवसभर घरात येरझाऱ्या घालायचे. जिन्यात कोणी भेटलंच तर वाकून नमस्कार करायचं आणि आत जाऊन दार लावून घ्यायचं. तेही इतकं हळू, की दार कधी लागलं ते कळायचं नाही. कोणी धाडकन आपटलं असतं तरी मला बरं वाटलं असतं.

पहिल्या संक्रांतीला मला घरात बसवेना. तीळ इथे कुठल्याही दुकानात मिळतात. गूळ नव्हता, पण ओकिनावाहून येणारी काळी साखर असते, तिचा पाक जमतो. तिळगूळ केला, स्टीलच्या डब्यांत भरला आणि जिन्यातली सगळी दारं वाजवली. बोलायला भाषा नव्हती. डबा पुढे करायचा आणि हसायचं, एवढंच. दोन दिवसांत डबे परत आले. एकात संत्री, एकात तांदळाच्या खारट चकत्या, एकात मुळ्याचं लोणचं. शेजाऱ्याचा डबा रिकामा परत करायचा नाही, ही माझ्या आईची शिस्त. ती इथल्याही आयांनी लावलेली निघाली. इथे तीन वर्षं निघतील, असं मला त्या दिवशी पहिल्यांदा वाटलं.

पुढच्या वर्षापासून मी रीतसर हळदीकुंकू करायला लागले. पुण्याला गेलं की तुळशीबागेतून वाणासाठी झाकणाच्या छोट्या डब्या आणायच्या, त्यांत तिळगूळ भरायचा, आणि जिन्यातल्या बायकांना दुपारी घरी बोलवायचं. चौथ्या मजल्यावरच्या आजी सगळ्यात आधी यायच्या. शिडशिडीत, फटकळ, त्याच भागात जन्मलेल्या, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेल्या. मी हे फोनवर सांगितलं तेव्हा आई जरा घुटमळली. मी म्हटलं, इथले नियम मी करते. कुंकू कशासाठी, असं आजींनी विचारलं, तर मी खरं ते सांगितलं, नवऱ्याला आयुष्य मिळावं म्हणून. त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला. “माझ्याकडे जरा उशीर झालाय, पण लाव,” म्हणाल्या आणि कपाळ पुढे केलं.

त्या एका दुपारवर माझं इथलं अख्खं वर्ष चालायचं. मग जिन्यात थांबून बोलणं व्हायचं. मला उशीर झाला तर आजी मुलीला शाळेतून आल्यावर आपल्या घरात घ्यायच्या. माझी खिडकी दोन दिवस बंद दिसली की कोणीतरी वर येऊन बघून जायचं. पुढे मला मुलीच्या शाळेच्या स्वयंपाकघरात अर्धवेळ काम मिळालं तेही दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंच्या ओळखीने. हे सगळं डब्यांच्या जाण्यायेण्यावर टिकून होतं. ते थांबलं की पुन्हा ती हळूच लागणारी दारं, हे मला पक्कं ठाऊक होतं.

नवऱ्याला वसाहतीत शिरायला वेगळीच वाट सापडली. कचऱ्याची. आमच्यामागून बरीच भारतीय कुटुंबं तिथे राहायला आली, आणि कुठल्या वारी कुठला कचरा टाकायचा यात सगळ्यांनी मिळून गोंधळ घातला. जळणारा कचरा बाटल्यांच्या दिवशी, बाटल्या कागदाच्या दिवशी. कावळ्यांची चंगळ झाली. रहिवासी मंडळाने सभा बोलावली. सभा म्हटल्यावर आमचे महाशय हजर. मोडक्या जपानीत उभं राहून म्हणाला, या कचऱ्याची जबाबदारी माझी. मग शनिवार-रविवार दारोदार फिरून त्याने लोकांना पिशव्या कशा वेगळ्या करायच्या ते दाखवलं. एका तमिळ डॉक्टरबाईंच्या घरी तर सिंकखालची बादलीही स्वतः उपसली. आमच्या घरातली त्याने आजवर उपसलेली नाही.

तिथून तो चढत गेला. मंडळाचा सदस्य, मग उपाध्यक्ष. मंडळाच्या अध्यक्षांना सगळे काइचो-सान म्हणत. काइचो म्हणजे अध्यक्षच, इथे माणसाला हुद्द्याने हाक मारतात. वॉर्डाच्या कार्यालयातून निवृत्त झालेले, बारीक अंगाचे, बोलण्याआधी दातांतून श्वास आत ओढणारे गृहस्थ. त्यांना याचं भारी कौतुक. एके दिवशी त्यांनी याच्या डोक्यात सोडून दिलं, की वॉर्डात आता एवढे परदेशी लोक आहेत, तर त्यांच्यातला एक नगरसेवक का नसावा? त्यासाठी जपानी नागरिक व्हायला हवं होतं. त्याने महिनाभर मला झोपू दिलं नाही आणि शेवटी अर्ज केला. पुढे एकदाचं नागरिकत्व मिळालं आणि भारतीय पासपोर्ट देऊन टाकायची वेळ आली, त्या दिवशी तो जेवला नाही. मी अर्ज केला नाही. मी म्हटलं, घरात एक तरी माणूस सरळ उठून परत जाऊ शकणारा असू दे.

निवडणूक एप्रिलमध्ये होती. संक्रांत, नेहमीप्रमाणे, जानेवारीत.

त्या वर्षीचं हळदीकुंकू छानच झालं. तिसऱ्या मजल्यावर एक नुकतं लग्न झालेली मुलगी राहायला आली होती. तिला सगळ्याचीच हौस. गुलाबपाणी शिंपडलं तर खिदळली, कुंकू लावल्यावर आरशात जाऊन बघून आली, आणि निघताना मोबाइलवर डबीचा फोटो काढला. त्या सुमाराला तरुण पोरी इंटरनेटवर रोजनिशी लिहायच्या. हिने तिच्या रोजनिशीत फोटो टाकला आणि खाली लिहिलं, वरच्या मजल्यावरच्या उमेदवाराच्या बायकोने मला ही सुंदर भेट दिली.

काही दिवसांनी काइचो-सान पाच मजले चढून आमच्याकडे आले. रविवार होता, नवरा घरीच होता. मी चहा ठेवला. चहा चालतो, असं ते स्वतःशीच म्हणाले. चहाबरोबर साधं बिस्किट चालतं. मी विचारलं, पोहे करू का? यावर त्यांनी डोळे मिटून बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, “पोहे नकोत.”

मग त्यांनी प्रिंट काढून आणलेला फोटो टेबलावर ठेवला. उमेदवाराने आपल्या वॉर्डातल्या माणसाला काहीही द्यायचं नसतं. पैसे तर नाहीतच, पण फळं नाहीत, फुलं नाहीत, सणासुदीची भेट नाही. कायदा असा आहे, आणि तो फार कडक आहे.

“या डबीत काय होतं?” त्यांनी विचारलं.

“तिळगूळ.”

“खाल्ला असेल आता.”

“कधीच.”

“आणि कपाळाला काय लावलंत?”

“हळद आणि कुंकू.”

त्यांनी दातांतून श्वास ओढला. “ते परत घेता येणार नाही,” ते गंभीरपणे म्हणाले. “पण डब्या परत घ्याव्या लागतील.”

मला आधी वाटलं, माझंच जपानी कमी पडतंय. आमच्या मुलीला आतून बोलावलं. तिने दारातूनच ऐकलं, म्हणाली, हो, परत घ्या म्हणतायत, आणि पुन्हा आत गेली. मी काइचो-सानना सांगायला लागले. हे हळदीकुंकू माझं आहे. हा त्या दिवशी घरी नव्हताच, पुरुषांचं तिथे काही काम नसतं. वाण मी माझ्या हाताने, माझ्या नावाने दिलं. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. कायद्यात तशी वाट असेलही, ते म्हणाले, पण ज्याला बोंब मारायची आहे तो हे विचारत बसणार नाही. एक तक्रार झाली की यांचं नाव पेपरात येईल, आणि परदेशातून आलेल्या उमेदवाराचं नाव एकदा तसं आलं की संपलं.

“वाण परत मागतात का कोणी?” मी नवऱ्याला मराठीत म्हटलं. “दिलेलं वाण? सवाष्णीच्या हातातून काढून घेऊ?”

तो फोटोकडे बघत राहिला. एरवी चिमटीएवढ्या विषयावर अर्धा तास बोलणारा माणूस. त्याच्या त्या गप्प बसण्याचा मला जेवढा राग आला तेवढा काइचो-सानचा नाही आला. ते बिचारे त्यांचं काम करत होते.

जाताना बूट घालता घालता काइचो-सान म्हणाले, की मला आणखी एक सांगून ठेवायला हवं. निवडून आले तर पुढची चार वर्षंही असंच असेल. सणाचं काही देता येणार नाही, बाळ झालं तर त्याचं नाही, कोणी गेलं तर फुलंही पाठवायची नाहीत. बायकोनेसुद्धा नाहीच दिलेलं बरं.

“आणि नाही आले निवडून?” मी विचारलं.

“तर काहीच प्रश्न नाही.”

त्यांनी दार हळूच लावून घेतलं. नवऱ्याने पडावं, असं मला त्या क्षणी मनापासून वाटलं. नंतर त्याची लाज वाटायला हवी होती, ती वाटली नाही. त्याने पासपोर्ट दिला होता, नोकरीत बढती सोडली होती, हे सगळं मला दिसत होतं. तरी वाटलं. पडू दे एकदाचा.

दुसऱ्या दिवशी मी तोंड घट्ट मिटून पायात चपला सरकवल्या आणि चौथ्या मजल्यावर निघाले. जे करायचं ते एकदा करून मोकळं व्हावं म्हणून. नवरा मागून धावत आला. दारोदार जायला बंदी आहे, म्हणाला. निवडणुकीसाठी लोकांच्या घरी जाऊन दार वाजवणं हाच इथे गुन्हा. उमेदवाराची बायको जिन्यातल्या दारांवरून फिरताना दिसली तर कोण विश्वास ठेवेल, की ही मत मागायला नाही, डबी मागायला आली होती?

मी जिन्यातच खाली बसले आणि हसायला लागले. डबी त्यांच्याकडे ठेवली तर गुन्हा, आणायला गेले तर गुन्हा. कचऱ्यासाठी दारोदार फिरून हा पुढारी झाला होता, आणि आता पुढारी होतोय म्हणून त्याच्या बायकोला खालच्या मजल्यावर जाता येईना. तो म्हणाला, हसू नकोस, आवाज घुमतोय.

तोडगा काइचो-साननीच काढला. कचऱ्याच्या दिवशी सकाळी सगळ्या बायका खाली येतातच. तिथे भेटलं तर ते दारोदार जाणं होत नाही. त्यांनी प्रत्येकीला काय ते नीट समजावून ठेवलं होतं, आणि डबीत परत काही घालू नका, हेही बजावलं होतं. मी कापडी पिशवी घेऊन इमारतीच्या कोपऱ्यावर, कचऱ्यावर टाकतात त्या निळ्या जाळीजवळ उभी राहिले. काइचो-सान थोड्या अंतरावर सायकलींच्या शेडपाशी, आपला काही संबंध नसल्यासारखे, सायकली सरळ करत होते. थंडी मरणाची होती.

बायका एकेक करून आल्या. एका हातात कचऱ्याची पिशवी, दुसऱ्या हातात डबी. डबी घासून लख्ख केलेली, स्वच्छ रुमालात बांधलेली. दोन्ही हातांनी पुढे करायच्या, वाकायच्या, “तुम्हाला त्रास झाला” म्हणायच्या. त्रास मला झाला, म्हणे! दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंना डबी रिकामी द्यायला इतकं जड जात होतं, की त्या रुमालाची गाठ पुन्हा पुन्हा सोडून बांधत होत्या. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी तर रडवेली झाली होती. माझ्यामुळे, माझ्यामुळे, एवढंच म्हणत होती. मी तिला म्हटलं, तुझ्यामुळे काही नाही, आणि तिच्या पाठीवरून हात फिरवला. इथे कोणी कोणाच्या पाठीवरून हात फिरवत नाही. पण त्यावर अजून तरी बंदी नव्हती.

रिकाम्या डब्या पिशवीत एकमेकींवर आपटून वाजत होत्या. तो आवाज मला सहन होईना.

आजी शेवटी आल्या. एका हातात कचरा, दुसरा हात कोटाच्या खिशात. जाळी उचलली, पिशवी ठेवली, जाळी नीट पसरली.

“आजी, डबी,” मी म्हटलं.

“देणार नाही.”

शेडपाशी सायकल सरळ करण्याचा आवाज थांबला.

“तू मला दिलीस,” आजी म्हणाल्या. “तुझ्या नवऱ्याने नाही दिली. मी त्यात शिवणाची बटणं ठेवलीयत. आता बटणं कुठे ठेवू?”

“पण कायदा आहे, आजी. मत मिळावं म्हणून दिली, असं कोणी म्हणेल.”

“मग माझं ऐक,” त्यांनी आवाज चढवला. शेडपर्यंत जावा म्हणूनच चढवला असणार. “मी तुझ्या नवऱ्याला मत देणार नाहीये. लग्न झाल्यापासून मी एकाच पक्षाला मत देते, आणि तो काही तुझ्या नवऱ्याचा नाही. माणूस बरा आहे तो, कचऱ्याचं चांगलं करतो, पण मत नाही. डबी घेतली आणि मत दिलं तर ती लाच. डबी घेतली आणि मत दिलं नाही, तर ती काय झाली?”

मी काइचो-सानकडे पाहिलं. त्यांनी दातांतून लांबलचक श्वास ओढला, मान एकीकडे कलती केली, मग दुसरीकडे. कायद्याच्या कुठल्याच कलमात हे बसत नसावं. शेवटी ते सायकलींकडे वळले आणि पुन्हा कामाला लागले. आजी मान ताठ ठेवून जिन्याकडे निघून गेल्या. घरी येऊन मी नवऱ्याला सांगितलं, की एक मत गेलं तुझं. सांगताना मला झालेला आनंद लपला नाही.

त्यानंतरचे दोन महिने माझ्या पायाला भिंगरी लागली होती. काम संपलं तरी घरी जावंसं वाटायचं नाही. सायकल घेऊन कालव्यांच्या काठाने फिरत राहायचे, एखाद्या पुलावर थांबायचे आणि कशासाठी थांबले ते विसरायचे. घरी हॉलमध्ये पोस्टरांचे गठ्ठे. त्यांच्यावर नवऱ्याचा हसरा चेहरा आणि खाली मोठ्या अक्षरांत, तुमच्या शेजारचा माणूस. तो चेहरा मी उलटा करून भिंतीकडे ठेवायचे. नवरा बिचारा तो पुन्हा सुलटा करायचा.

प्रचाराच्या आठवड्यात मलाही त्याच्या गाडीत बसावं लागलं. पांढरे हातमोजे घालून खिडकीतून हात हलवायचा, हे इथल्या निवडणुकीचं काम. भोंग्यातून त्याचं नाव पुन्हा पुन्हा, त्याशिवाय फारसं काही नाही. गाडी आमच्या इमारतीसमोर आली तेव्हा बायका गॅलऱ्यांत आल्या आणि त्यांनी हात हलवले. मीही हलवले. ज्यांच्या घरात मी ओट्यापर्यंत जात होते त्यांना हातमोजे घालून टाटा करत होते. शेजारी बसलेली आमची मुलगी म्हणाली, आई, हस ना, आणि तेही जपानीत म्हणाली.

मतदान वसाहतीजवळच्या शाळेत होतं. मला मत नव्हतं. मी फाटकाबाहेर, चेरीच्या गळून गेलेल्या पाकळ्यांवर उभी राहिले आणि आत जाणाऱ्या प्रत्येकाकडे बघून मनात म्हटलं, नको देऊस. दुसऱ्या कोणालाही दे. माझा नवरा वाईट नाही, प्रामाणिक आहे, राबेल तुमच्यासाठी. तरी नको देऊस. आजी येऊन मत देऊन गेल्या. माझ्याकडे बघून फक्त मान हलवली.

तो निवडून आला. निवडून आलेल्यांत सगळ्यात शेवटचा, अगदी काठावर. प्रचाराच्या कार्यालयात हात वर करून जयघोष झाला, काइचो-सान डोळे पुसत होते, आणि नवरा मला गर्दीतून शोधत आला. त्याचा चेहरा इतका उजळलेला होता की माझ्याही डोळ्यांत पाणी आलं. मी त्याचा हात घट्ट धरला. तेही खरं होतं. त्याच वेळी मी मनात पुढची चार वर्षं मोजत होते, तेही खरं होतं.

वर्ष सुरळीत गेलं असंच म्हणायला हवं. तो खूप काम करायचा. शाळांमध्ये परदेशी मुलांना भाषेची मदत, दवाखान्यांत दुभाषे, असल्या गोष्टी त्याने चिकाटीने लावून धरल्या. माणसं रस्त्यात थांबून त्याला वाकून नमस्कार करायची. मलाही करायची, आणि पूर्वीपेक्षा जास्त खाली वाकायची. दिवाळीला मी फराळ केला आणि योकोहामातल्या ओळखीच्यांना ट्रेनने नेऊन दिला. त्यांना द्यायला हरकत नव्हती, ते वॉर्डाबाहेरचे. चकल्यांचा डबा मांडीवर घेऊन मी तासभर प्रवास केला. खालच्या मजल्यांवर चकल्यांचा वास गेलाच असणार.

कोणी माझ्याशी वाईट वागलं असं झालं नाही. उलट फार सांभाळून वागायचे. मी काही देण्याचा प्रसंगच येऊ नये, असं वागायचे. आजी तेवढ्या पूर्वीसारख्या बोलायच्या, पण त्यांचा गुडघा धरला होता आणि त्या जिन्यात कमी दिसायच्या. तिसऱ्या मजल्यावरची मुलगी उन्हाळ्यापासून दिसेनाशी झाली. विचारलं तर माहेरी गेलीय, म्हणायचे. तिचा नवरा कामात असेल, करमत नसेल, असा मी अर्थ काढला.

थंडीतल्या एका दुपारी भाजी घेऊन जिना चढत होते. तिसऱ्या मजल्यावर बाळाचं रडणं ऐकू आलं. अगदी तान्ह्या बाळाचं, चिडलेलं, ताकद लावून. मी तशीच वर गेले आणि आजींचं दार वाजवलं. दारोदार गेले, हो.

“मुलगी झालीय,” आजी म्हणाल्या. “दोन महिने झाले. गेल्या आठवड्यात माहेराहून परत आली.”

“मला कोणीच सांगितलं नाही.”

आजींनी मला आत घेतलं नाही, दारातच उभ्या राहिल्या, गुडघ्यावर हात ठेवून. “सगळ्यांनी ठरवलं होतं,” त्या म्हणाल्या. “मीसुद्धा होते त्यात. तुला कळलं असतं तर तू गप्प बसली असतीस का? दिलं असतंस तर नवऱ्याची पंचाईत. नाही दिलं असतंस तर तू कुढत बसली असतीस. म्हणून म्हटलं, तुला कळूच देऊ नये.”

त्यांनी ते माझ्या काळजीपोटीच केलं होतं, त्यात खोट काढायला जागा नव्हती. मला रडू आलं आणि राग आला, त्यात राग आधी आला. कोणावर, ते मात्र मला तेव्हा सांगता आलं नसतं.

घरी आले आणि हात आपोआप कामाला लागले. पुण्याहून आणलेला डिंक तुपात फुलवला, खारीक कुटली, खोबरं भाजलं. बाळंतिणीचे लाडू करताना माझ्या आईचंही तोंड असंच मिटलेलं असायचं. संध्याकाळपर्यंत मोठा डबा भरला. झाकण लावलं आणि मग लक्षात आलं, की हा डबा घेऊन जायला जागाच नाही.

नवरा आला तेव्हा खुशीत होता. सभागृहात त्या दिवशी तो पाळणाघरांवर बोलला होता. वॉर्डात किती बाळं जन्माला येतात, त्यांच्या आया कामावर परत जाऊ शकत नाहीत, जागा कशा कमी पडतात, सगळं त्याने तोंडपाठ मांडलं होतं आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या होत्या. हे तो मोजे काढत काढत सांगत होता. मी त्याच्यापुढे ताटलीत दोन लाडू ठेवले. त्याने एक खाल्ला.

“मस्त झालेत. पण हे तर डिंकाचे,” तो हसत म्हणाला. “कोण बाळंत झालं?”

“तिसऱ्या मजल्यावरची.”

त्याचा हात थांबला. “आपल्या जिन्यातली? कधी?”

“दोन महिने झाले. मुलगी आहे.”

“आणि मला कोणी सांगितलं नाही?” तो खरोखर दुखावला होता. “असं कसं? अगं, मी याच जिन्यात राहतो.” तो ताडकन उठला, काढलेला कोट पुन्हा अंगावर चढवायला लागला. “चल, आत्ता जाऊन बघून येऊ. आवर पटकन.”

“काय घेऊन जायचं?” मी विचारलं.

कोटाची एक बाही घातलेली, दुसरी लोंबत असलेली, असा तो टेबलावरच्या डब्याकडे बघत राहिला. मग खुर्ची ओढून तसाच खाली बसला.